बाराचा एक

लाल पेन्सिलीचा आवाज मला भिंतीआडून ओळखू यायचा. बरोबरची खूण एका ओढीत व्हायची, लांब आणि मऊ. चुकीची फुली दोन तुकड्यांत पडायची, कच्च, कच्च. बेगडेवाडी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत अण्णा, म्हणजे माझे वडील, चटईवर मांडी घालून पेपर तपासायचे आणि आत चुलीपुढं बसलेली आई नुसत्या आवाजावरून निकाल सांगायची. "औंदा पोरं लय कच्ची हायती गं सुजा," भाकरी उलटता उलटता ती म्हणायची, "मघापासनं निसत्या फुल्याच वाजत्यात." अण्णा नववी-दहावीला बीजगणित शिकवायचे. मी नववीत होते आणि माझं नशीब असं की त्यांच्याच वर्गात होते. घरी बाप आणि शाळेत सर, अशी एकच व्यक्ती दोन्हीकडून डोक्यावर असली की पोराला पळायला जागा राहत नाही. मी आज सत्तरीला टेकले आहे, तरी कुणी जवळ बसून लाल पेन्सिल चालवली तर माझी मान आपोआप ताठ होते.

परीक्षा झाली की घराची चालच बदलायची. पेपरांचे गठ्ठे सुतळीने बांधून सायकलच्या कॅरिअरवरून यायचे. त्या दिवसांत खोलीत फडकं मारायची बंदी, पंखा लावायची बंदी, मोठ्यानं हसायची तर कायमचीच बंदी. आई सुका बोंबील भाजायची तो मागच्या दारात, कारण एकदा पेपरांना वास लागला होता आणि अण्णांनी तिला "लोकांची पोरं आहेत ती, मासळी बाजार नाही" असं सुनावलं होतं. दुपारी गुळाचा चहा, भाजलेले हरभरे आणि समोर गठ्ठा. अण्णा प्रत्येक उत्तरापुढं समासात गुण टाकायचे आणि तपासून झालेला पेपर माझ्याकडं सरकवायचे. ते गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरवायचे आणि बेरीज करायची, हे माझं काम. मास्तरांच्या घरोघर हे चालायचं, त्यात चोरीचं काही नव्हतं. माझी बेरीज चुकत नसे. बीजगणित मला फारसं जमत नव्हतं, पण आकड्यांची उतरंड माझ्या डोळ्यांपुढं आपोआप रचली जायची. अण्णांचं नेमकं उलट होतं. समीकरण त्यांच्या हातात लोण्यासारखं वितळायचं, पण बेरीज करताना ते ओठ हलवायचे आणि तरी कुठं तरी घसरायचे.

फक्त एका पेपराला माझा हात लागायचा नाही, तो म्हणजे माझा. गठ्ठा सोडल्याबरोबर अण्णा तो उपसून काढायचे आणि मांडीखाली दाबून ठेवायचे. सगळ्यांत शेवटी तपासायचे आणि त्याची बेरीज ते स्वतः करायचे, पाठ माझ्याकडं करून.

अण्णांचे नियम सगळ्या शाळेला पाठ होते. शाब्दिक उदाहरण चार गुणांचं. उत्तर बरोबर असो वा नसो, पहिली ओळ 'मानू'ची पाहिजे, म्हणजे 'मुलाचे वय क्ष वर्षे मानू'. ती ओळ नसेल तर एक गुण गेला. उत्तरापुढं 'वर्षे' नसेल तर अर्धा गेला. मुलं कुरकुरली की ते म्हणायचे, "क्ष म्हणजे कोण ते आधी सांगा. ओळख न देता कुणालाही कामाला लावायचं नाही." हे वाक्य मला त्या वयात फार आवडायचं. नंतर त्यांचाच राग आला म्हणून त्याचाही आला. माझी नात परवा फोनवर गणिताचा फोटो काढत होती आणि फोन तिला पायऱ्यांसकट उत्तर देत होता. मी डोकावून पाहिलं, 'मानू'ची ओळ त्यानंसुद्धा आधी लिहिली होती. अण्णा असते तर त्या फोनला पैकीच्या पैकी मिळाले असते, इतके ते पोटच्या पोरीला कधी देत नसत.

याला कारण होतं आणि ते मला माहीत होतं, म्हणून तर जास्त चीड यायची. नवलाख उंबरे गावाच्या बाजूची आमची वस्ती, त्या वस्तीतले अण्णा पहिले पदवीधर. शाळा होती त्या गावात जमिनी ज्यांच्या, शाळेच्या समितीत खुर्च्या त्यांच्या. अण्णा तिथं लागले तेव्हा दोन खुर्च्या न बोलता उठून गेल्या होत्या म्हणे. पुढं त्याच खुर्च्यांची पोरं अण्णांकडून बीजगणित शिकून पास झाली आणि प्रकरण निवळलं. पण मी नववीत गेले त्या वर्षी पालकांच्या सभेत समितीतले एक आबा, पांढरी टोपी, मांडीवर काठी, सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, पोरगी तुमची, वर्ग तुमचा, पेपर बी तुमीच काडनार. मंग तिला आब्यास कशाला लागतोय?" सगळे हसले. चेष्टाच होती म्हणा. आबांचा नातू माझ्याच वर्गात होता आणि त्याला क्ष आणि क्षत्रिय यांतला फरक कळत नव्हता, त्यावर मात्र कुणी हसलं नाही. अण्णाही हसले. मी मागच्या बाकावर बसून त्यांचं ते हसू पाहिलं. अंगावर चिखल उडाला असताना माणूस 'काही नाही, काही नाही' म्हणतो, तसं ते होतं. त्या दिवसापासून त्यांनी माझं नावही वर्गात घेणं सोडलं. प्रश्न विचारायचा झाला तर "तिसऱ्या बाकावरची" म्हणायचे.

घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आपण एक गुण इकडचा तिकडं केला, तर हे लोक आपल्या अख्ख्या वस्तीचा निकाल लावतील." आई म्हणाली, "मंग काय पोरीला बळी देनार का?" आईला उत्तर न देणं ही त्यांची जुनी सवय होती, आणि उत्तर नसलं तरी बोलत राहणं ही आईची.

वार्षिक परीक्षेचा अभ्यास मी रागाच्या भरात धड केला नाही, हे कबूल करते. अण्णांकडं शंका विचारायला जायचं म्हणजे शत्रूकडं मीठ मागायला जाण्यासारखं वाटायचं. तरी पेपर अगदीच वाईट गेला नव्हता. चाळिसाच्या आसपास पडतील असा माझा अंदाज होता. एवढ्या लोकांच्या पेपरांची बेरीज केल्यावर स्वतःचा अंदाज येतोच. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झाल्यावर वर्गात निकालपत्रकं वाटली आणि माझ्या हातात आलं त्यावर बीजगणितापुढं एकतीस होते, लाल रेघेवर. पास व्हायला पस्तीस लागत. पाच गुणांपर्यंत कमी पडणाऱ्यांना शिक्षकांच्या बैठकीत सवलतीचे गुण द्यायची पद्धत होती, सहा जणांना ते मिळाले. आबांच्या नातवाला पाचच्या पाच मिळाले आणि तो दहावीत गेला. माझं नाव निघालं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, चारच तर कमी आहेत." अण्णा म्हणाले, "माझ्या मुलीला नको." हे मला त्यांनी सांगितलं नाही. शाळेच्या शिपाईमावशींनी आईला सांगितलं, नळावर, बादली भरता भरता, चार बायका ऐकत असताना.

नापास होणं काय असतं हे पास होणाऱ्यांना कळत नाही. जूनमध्ये माझी मैत्रीण मंगल वरच्या मजल्यावर दहावीच्या वर्गात गेली आणि मी खाली, माझ्यापेक्षा वर्षानं लहान मुलींमध्ये. त्या मला 'ताई' म्हणायच्या, त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुस्तकं तीच, धडे तेच, तिसरा बाक तोच आणि फळ्यापुढं माणूसही तोच. अण्णा तीच उदाहरणं त्याच क्रमानं सोडवायचे. बीजगणिताच्या पुस्तकातले बाप कायम मुलाच्या तिप्पट नाहीतर चौपट असतात, काही वर्षांपूर्वी आणखी जास्त असतात, आणि मूल मोठं होत जातं तसे ते कमी होत जातात. हे मला दुसऱ्यांदा नववीत बसल्यावर समजलं. पुण्याहून आत्या आली, ती म्हणाली, "आणखी एकदा गेली तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, नाहीतर लग्नाचं बघा." म्हणजे शाळेचा निकाल घाण करणारी पोरं जशी हळूच बाहेर काढायचे तशी मी. अण्णा ऐकून घेत होते. त्यांच्याकडं बघून मी मनातल्या मनात म्हटलं, आता मी शिकणारच, पण तुमच्यासाठी नाही, तुमच्या नाकावर टिच्चून. आणि खरोखर शिकले. मंगलच्या भावाकडं जाऊन शिकले, जुन्या प्रश्नपत्रिका मागून सोडवल्या, पण अण्णांना एक शंका विचारली नाही. ती मी माझी मर्दुमकी समजत होते. आता वाटतं, घरात विहीर असताना दोन कोसांवरून पाणी आणलं.

दिवाळीच्या साफसफाईला आईनं मला खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायला लावली. शाळेची खोली गळायची म्हणून वर्षभराचे पेपर अण्णा घरी ठेवत आणि दिवाळीत रद्दीला काढत. मी एकेक गठ्ठा बाहेर काढत होते आणि वार्षिकच्या गठ्ठ्याच्या अगदी तळाशी माझा पेपर निघाला. उघडायचा नाही असं ठरवलं आणि उघडला. चौकटीत अण्णांच्या अक्षरात गुण होते. पहिल्या प्रश्नाला बारा, मग सात, नऊ, सहा, सात. माझे डोळे सवयीनं खाली उतरले. दोन आणि सात नऊ, नऊ अठरा, सहा चोवीस, सात एकतीस. एक लिहिला, हातचे तीन. आणि बाराचा एक मिळवून चार. एक्केचाळीस. खाली लाल पेन्सिलीत लिहिलं होतं, एकतीस. अण्णा हातचे तीन मांडून मोकळे झाले होते आणि बाराचा एक तसाच राहून गेला होता. मी पुन्हा केली बेरीज. मग खालून वर केली. वर्गातल्या प्रत्येक पोराचा पेपर माझ्या हाताखालून गेला होता, कुणाचा अर्धा गुण इकडचा तिकडं झाला नव्हता, आणि ज्या एका पेपराला मला हात लावू दिला नाही तोच चुकला होता.

एवढ्यानं मी रडले असते, ओरडले असते आणि संपलं असतं. पण चौकटीच्या कडेला, साध्या शिसपेन्सिलीत, अगदी बारीक, तीच उतरंड पुन्हा मांडलेली होती. खाली एक्केचाळीस लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. अक्षर अण्णांचंच.

अण्णा मागच्या खोलीत जेवायला बसले होते. करडईची भाजी, भाकरी आणि नव्या तांदळाचा भात होता, त्याचा वास सगळीकडं पसरला होता. मी पेपर त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी पाहिला. घास हातातच राहिला.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"जूनमध्ये," ते म्हणाले. "पहिल्या प्रश्नाचे बारा मला आठवत होते, त्या मानानं एकतीस कमी वाटले. म्हणून काढून बघितला."

"शाळा सुरू झाली होती?"

"आठवडा झाला होता."

"मग?"

"निकाल लागला होता, सुजा." ते खाली बघून बोलत होते. "निकाल लागल्यावर मास्तरनं पोरीचे दहा गुण वाढवले, असं झालं असतं. खरं असलं तरी कुणी मानलं असतं का? आबा काय म्हणाले होते, ऐकलंस ना तू?"

"म्हणून मला वर्षभर खाली बसवलंत?"

आईला आधी काही उमगलं नव्हतं. मी तिला आकडे बोटांवर मोजून दाखवले. ती चौथी शिकलेली, तिनं स्वतः एकदा मोजलं. मग तिनं तव्यावरची भाकरी उचलली, टोपल्यात टाकली आणि टोपलं उचलून आपल्या मागं ठेवलं, अण्णांचा हात पोचणार नाही असं. "आवं," ती म्हणाली, "तुमी बाप हाय का तपासनीस?"

अण्णा भात तसाच टाकून उठले. बाहेर हात धुतले. पुण्याची गाडी फाटकावरून धडधडत गेली. मग ते सहामाहीचा गठ्ठा घेऊन चटईवर बसले आणि सवयीनं पहिला पेपर माझ्या दिशेनं सरकवला. मी म्हटलं, "मी मोजणार न्हाई." घरात 'न्हाई' म्हणायची मला बंदी होती. शुद्ध बोलायचं, लोक बोट दाखवतात, वगैरे. मी मुद्दाम म्हटलं आणि पुन्हा एकदा म्हटलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. त्या सहामाहीचे सगळे पेपर त्यांनी एकट्यानं मोजले, ओठ हलवत, प्रत्येकी तीनतीनदा. आई आतून ऐकत होती पण पोरं कच्ची की पक्की हे तिनं एकदाही सांगितलं नाही.

मी पुढं तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी केली, निवृत्त होईपर्यंत. मापात न बसणारा माल बाजूला काढायचा, हेच काम. कामगार मला मागं काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. एखाद्या सुट्या भागावर चुकीचा शिक्का पडला आणि नंतर लक्षात आलं, तर मी सगळा लॉट थांबवून तो शिक्का खोडायला लावायचे. साहेब चिडायचे, माल रवाना झाला म्हणायचे. मी म्हणायचे, मग गाडी परत बोलवा. आता लोणावळ्यात राहते. शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत तास-तास उभ्या राहतात आणि मी गॅलरीत बसून त्यांचे नंबर बेरजेत टाकते. सवय जात नाही.

तर त्या वर्षीची वार्षिक परीक्षा. पेपर अण्णांनीच काढलेला. चौथ्या प्रश्नात शाब्दिक उदाहरण होतं: 'बापाचे आजचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते चौपट होते. तर दोघांची आजची वये काढा.' पुस्तकात कायम मुलगा असायचा, इथं मुलगी होती. मी कच्च्या कागदावर सोडवलं, मुलगी पंधरा, बाप पंचेचाळीस. मी तेव्हा पंधराचीच होते आणि अण्णा किती वर्षांचे ते मला माहीत होतं. माझं डोकं सणकलं. दिवाळीनंतर त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही आणि आता प्रश्नपत्रिकेतून बोलतात! मी 'मानू'ची ओळ लिहिलीच नाही. ठरवून लिहिली नाही. एकदम समीकरण मांडलं, तीन क्ष वजा पाच बरोबर चार कंसात क्ष वजा पाच, सोडवलं, उत्तर लिहिलं, 'वर्षे'सुद्धा लिहिलं. क्ष कोण, ते सांगितलं नाही. मला बघायचं होतं. गुण कापला तर कसाई, न कापला तर खोटा, कसेही सापडले असते.

चार दिवसांनी गठ्ठे घरी आले. मी आत आईला कैऱ्या चिरून देत होते. कान बाहेर होते. दुपारभर खुणा आणि फुल्या वाजत राहिल्या. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही, आणि मग अण्णांनी हाक मारली, "सुजा, जरा ये." मी गेले. त्यांनी मांडीखालून माझा पेपर काढला आणि माझ्यापुढं धरला. चौकट कोरी होती. "तुझा तूच मोज," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. कैऱ्यांचा चीक लागलेले हात मी परकराला पुसले आणि बसले. आई दारात येऊन उभी राहिली.

मी पानं उलटली. चौथ्या प्रश्नाशी आले. उदाहरणाखाली एका ओढीतली लांब खूण होती आणि समासात लिहिलं होतं, चार. चारपैकी चार. जिथं 'मानू'ची ओळ असायला हवी होती ती जागा मोकळी होती. आयुष्यात त्यांनी तसे चार कुणाला दिले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. माझे हक्काचे दहा लपवले आणि आता हा नसलेला एक हातावर ठेवतात? भीक घालतात? मी काही न विचारता त्यांच्या हातातली लाल पेन्सिल घेतली, चारावर आडवी रेघ मारली आणि शेजारी तीन लिहिले. मग पहिल्या पानावर आले. सतरा, चौदा, पंधरा. चौथ्याचे सोळा झाले असते, मी पंधरा मांडले. पाचव्याचे बारा. तीन लिहिले, हातचे दोन, वरचे पाच, सात. खाली लिहिलं, त्र्याहत्तर.

"ते मी दिले होते," अण्णा हळू म्हणाले.

"क्ष कोण ते मी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी पेपर घेतला. चष्मा वर करून ती उतरंड ओठ हलवत एकदा मोजली, मग दुसऱ्यांदा मोजली. मग खाली, तपासणाऱ्याच्या जागी, सही केली. सही करताना त्यांचा चेहरा कसा होता ते आई पुढं अनेकदा सांगायची, पण मी पाहिला नाही. मी गठ्ठ्यातला पुढचा पेपर उचलून मोजायला घेतला होता.